नेमबाजीचे टेबल: गावच्या सुताराकडून, घरच्या लाकडात

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे ब्राँझ आणले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे जावी लागली. मधल्या काळात कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सोने घेतले. तरीही नेमबाजी म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचा खेळ, ही समजूत गावातून काही हटत नव्हती. एका खेडेगावातल्या पोराच्या पदकाने ती थोडी तरी हलली.

आता घरोघरीचे चित्र पाहा. मुलगा किंवा मुलगी हट्ट धरते, उसाचे बिल जमा झाले की वडील तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावाला जाऊन एक साधी स्प्रिंगची एअर रायफल घेऊन येतात. परड्यात दहा मीटर मोजून कागद लावला जातो. पहिले चार दिवस कौतुकाचे. पाचव्या दिवशी घरात वाद सुरू होतो. छर्रे कधी उजवीकडे जातात, कधी खाली. मुलगी म्हणते बंदूक खराब आहे, वडील म्हणतात तुझा हात हलतो, चुलते म्हणतात दुकानदाराने गंडवले. खरे कोणाचे, हे ठरवायचे कसे? मग बंदूक शाळेतून आणलेल्या जुन्या बाकावर नाहीतर घडवंचीवर टेकवून तपासली जाते. तो बाक मुळातच डगमगणारा, त्यामुळे त्यावरचा निकालही डगमगणाराच. अशा निकालावर विसंबून काही जण बंदूक बदलायला निघतात, काही जण पोराचा नाद सोडवतात. दोन्हीत नुकसान घरचेच.

वाचकहो, हा वाद मिटवणारी वस्तू म्हणजे एक पक्के, न हलणारे टेबल. नेमबाज मंडळी त्याला शूटिंग बेंच म्हणतात. त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, पिशव्यांवर बंदूक, आणि बसून नेम धरायचा. माणसाचा हात जवळजवळ बाजूला पडतो आणि बंदूक, छर्रा आणि साइट यांची खरी परीक्षा होते. विकतच्या टेबलाची वाट पाहायचे कारण नाही. गावचा सुतार हे काम दोन दिवसांत करील. पण त्याला नेमके काय सांगायचे, ते तुम्हाला माहीत हवे.

एक मिलिमीटरचा हिशोब

टेबल थोडे हलले तर काय बिघडते, असे कुणी म्हणेल. तेव्हा हिशोबच करून पाहू. बंदुकीचा दस्ता तुमच्या खांद्याला आहे आणि पुढची पिशवी तिथून सुमारे ८० सेंटिमीटरवर. दस्ता जागच्या जागी राहिला आणि पुढची पिशवी फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा बारा-तेरा मिलिमीटर बाजूला जाऊन पडतो. एअर रायफलच्या अधिकृत लक्ष्यपत्रावर दहाच्या गुणाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एका वर्तुळापासून दुसरे वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. म्हणजे एक मिलिमीटरच्या डुलण्याने चार-पाच वर्तुळे गेली. दहाचा छर्रा पाच-सहावर. आणि एक मिलिमीटर म्हणजे किती? ज्या टेबलाला आपण ‘तसे बरे आहे’ म्हणतो, ते कोपर टेकताच सहज त्याहून जास्त हलते.

म्हणून ‘मजबूत’ आणि ‘स्थिर’ या दोन शब्दांत फरक करायला हवा. मजबूत म्हणजे वजन पेलणारे. घरातली पेटी, धान्याची कणगी ठेवायची घडवंची मजबूत असते. स्थिर म्हणजे न डुलणारे. आपल्याला दुसरे हवे. जाड जाड लाकूड घातले की काम झाले, असे नाही. चार इंची खांबांचे टेबलही सांध्यात ढिले असेल तर डुलते, आणि दोन-अडीच इंची पायांचे नीट बांधलेले डुलत नाही.

चार नव्हे, तीन पाय

सुताराला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की पाय तीनच. तो हसेल. टेबलाला तीन पाय? पण तिवई त्यानेच केलेली असते, आणि तिवई कशी उभी राहते हे त्याला कुणी सांगायला नको. तीन टोके कुठल्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. मग ती सारवलेली ओटी असो, परड्यातली मुरमाड जागा असो की शेताचा बांध. चौथा पाय आला की जमीन तंतोतंत सपाट लागते. नाहीतर एक पाय अधांतरी राहतो आणि आपण त्याखाली कागदाच्या घड्या सारत बसतो. चहाच्या टेबलाला ते चालते, इथे नाही.

मात्र तीन पायांचे एक दुखणे आहे. तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर भार पडला की टेबल कलंडते. म्हणून पाय कुठे लावायचे याला महत्त्व आहे. नेमबाज ज्या बाजूला बसतो तिथे दोन पाय आणि पुढे, लक्ष्याच्या बाजूला एक पाय. कोपरांचा भार मागच्या दोन पायांवर येतो, पुढच्या पायावर फक्त पिशवी आणि बंदुकीचे पुढचे टोक. उलटे केले, म्हणजे पुढे दोन आणि मागे एक, तर मुलाने एका कोपरावर जोर देताच टेबल त्या बाजूला झुकणार. याच कारणाने वरची फळी चौकोनी ठेवायची नाही. मागे रुंद, पुढे निमुळती ठेवायची. ढोबळ माप असे: लांबी साडेतीन फूट, मागची रुंदी तीन फूट, पुढची चौदा-पंधरा इंच. पुढचे दोन कोपरे त्रिकोणाबाहेर येत होते, तेच आपण काढून टाकले.

मागच्या कडेला मधोमध अर्ध्या परातीएवढी खाच काढायची, साधारण चौदा इंच रुंद आणि आठ इंच खोल. त्या खाचेत छाती येते आणि दोन्ही कोपरे दोन बाजूंच्या फळीवर विसावतात. जाणकार मंडळी एकाच बाजूचा कोपरा कापतात. उजव्या हाताच्या नेमबाजाला मागचा डावा कोपरा कापलेला सोयीचा पडतो. ते चुकीचे नाही. पण घरात दोन मुले असतात, त्यातले एखादे डावखुरे निघते, शेजारचीही येतात. मधली खाच सगळ्यांना चालते.

उंची तीस इंच. हे माप मुद्दाम सांगतो. आंतरराष्ट्रीय नियमांत नेमबाजाच्या जागेवर सामान ठेवण्यासाठी ७० ते ८० सेंटिमीटर उंचीचे टेबल असावे असे म्हटले आहे. तीस इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. म्हणजे तपासणीचे काम संपल्यावर हेच टेबल मुलाच्या पुढ्यात उभ्याच्या सरावाला छर्रे, बंदूक ठेवायला चालते, आणि पुढे स्पर्धेला गेल्यावर त्याला उंची परकी वाटत नाही. मूल लहान असेल तर टेबल कापू नका, बसायचे स्टूल उंच करा. मूल वाढते, टेबल वाढत नाही.

लाकूड कुठले?

दुकानात जायच्या आधी वळचणीला बघा. ट्रॅक्टर आल्यापासून कितीतरी घरांत मोडक्या बैलगाड्या पडून आहेत. त्यांचे बाभळीचे लाकूड वर्षानुवर्षे वाळून हाडासारखे झालेले असते. पायांना यापेक्षा चांगले लाकूड पैसे देऊनही मिळायचे नाही. नवी बाभूळ कापली असेल तर मात्र घाई नको. ओल्या बाभळीला भुंगा लागतो. जुने लोक बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत, ते उगाच नव्हे. बांधावरची निलगिरी सरळसोट दिसते, स्वस्तही पडते, पण ती वाळताना पीळ खाते आणि चिरते. आज सरळ असलेला पाय उन्हाळ्यात वाकडा. निलगिरी वापरायचीच तर निदान दोन उन्हाळे पाहिलेली वापरा.

वरच्या फळीला जुने दार उत्तम. घर पाडून नवे बांधताना सागाची, शिवणीची दारे निघतात आणि बंबात जातात. असे दीड इंच जाडीचे दार हाती लागले तर ते सोडू नका. तेही नसेल तर १९ मिलिमीटरचे प्लायवूड दोन थर करून चिकटवा. आंब्याची फळी चालते, फक्त तिला कीड लागते, तेव्हा खालून-वरून तेल किंवा रंग नीट द्यावा.

पाय तीन इंच बाय तीन इंच. ते सरळ उभे लावायचे नाहीत, बाहेर फाकवायचे. तीस इंच उंचीला पाय खाली पाच-सव्वापाच इंच बाहेर गेला की पुरे, म्हणजे साधारण दहा अंशांचा कल. जास्त फाकवले तर येता-जाता पायाला पाय लागतो आणि ज्याला लागतो त्याच्यामुळे बंदूक हलते. फळीच्या खाली आधी दोन जाड आडपट्ट्या बसवायच्या आणि पाय त्या पट्ट्यांना जोडायचे. पाय पट्टीला टेकतो ते तोंड त्याच तिरक्या कोनात रंधून घ्यायला सांगा. हा बारकावा सुतार घाईत सोडून देतो. मग बोल्ट कितीही आवळा, पाय नुसता कडेवर टेकलेला राहतो.

जोड खिळ्यांनी करू नका. खिळा ठोकल्याच्या दिवशी घट्ट असतो, पण लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन वर्षांत खिळ्याचे भोक मोठे होते. प्रत्येक पायाला तीन सुती दोन बोल्ट, दोन्ही बाजूंनी रुंद वायसर. यात आणखी एक सोय आहे, टेबल सुटे करून ठेवता येते. सुतार जुन्या वळणाचा असेल आणि कुसू काढून पाचर मारून पाय बसवतो म्हणाला तर त्याला बिनधास्त करू द्या. तसा सांधा बोल्टच्या तोडीचा असतो. पण मग टेबल सुटे होणार नाही, ते दारातून बाहेर निघते की नाही हे आधी बघा. काही घरांत टेबल खोलीतच तयार होते आणि खोलीतच म्हातारे होते!

आता खरी गोम. पाय आणि फळी एवढ्यावर टेबल थांबवले तर ते डुलणारच, कारण सगळा भार वरच्या सांध्यावर येतो. जमिनीपासून सात-आठ इंचांवर मागच्या दोन पायांना जोडणारी एक आडवी पट्टी आणि तिच्या मध्यापासून पुढच्या पायापर्यंत दुसरी, असा इंग्रजी टी अक्षर करा. शिवाय प्रत्येक पायाच्या मध्यापासून फळीच्या पोटाकडे एक तिरपा आधार. चौकट ढकलली की पतंगासारखी तिरकी होते, त्रिकोण होत नाही. घराच्या कैचीत सुतार जे करतो तेच इथे करायचे. हे तीन तिरपे तुकडे म्हणजे सगळ्या टेबलाचा जीव. खर्च कमी करायचा झाला तर फळी साधी वापरा, रंग वगळा, पण हे तुकडे वगळू नका.

खालच्या टी-पट्टीवर एक लहान फळी टाकून वाळूचे पोते ठेवले की टेबलाला वजन येते. वीस-पंचवीस किलो पुरेत. खताची रिकामी गोणी वापरणार असाल तर ती आधी दोन पाण्यांनी खळखळून धुवा. खताचा अंश हवेतले पाणी ओढतो आणि आसपासच्या लोखंडाला गंज चढवतो, आणि जवळच तर बंदूक असते.

लोखंडाचे केले तर?

आता गावात सुतारापेक्षा वेल्डिंगवाला लवकर सापडतो, हेही खरे. चाळीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची तीन पायांची चौकट तो अर्ध्या दिवसात उभी करील. मापे तीच, तिरपे आधार तेच. लोखंडाचा दोष एवढाच, की ते घुमते. पोकळ पाइपवर टिचकी मारली की थरथर राहते, ती थेट बंदुकीत जाते. त्यावर उपाय म्हणजे पाइपात कोरडी वाळू भरणे. पायाच्या वरच्या टोकाला छिद्र ठेवायचे, वेल्डिंग पूर्ण थंड झाल्यावर त्यातून वाळू ओतायची आणि लाकडाचे बूच मारायचे. वाळू भरलेल्या, तोंड बंद केलेल्या पाइपला नंतर वेल्डिंग लावू नका. वाळूत ओल राहिली असेल तर आत वाफ कोंडते आणि अपघात होतो.

आणि ज्यांच्याकडे जागा कायमची आहे, त्यांनी लाकडाच्याही नादी लागू नये. विटांचे दोन जाड खांब आणि वर शहाबादी फरशी. जड असल्यामुळे हे हलायचा प्रश्नच येत नाही. फक्त जमीन कुठली ते बघा. काळ्या जमिनीत हे बांधकाम वरवर केले तर पहिल्याच पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब कलतात. तिथे दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरून, चोपून मग वीट ठेवा. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या तांबड्या जमिनीत एवढा त्रास नाही. फरशीवर गोणपाट किंवा रबराचा तुकडा अंथरा.

टेबल कुठलेही असो, बसायचे स्टूल त्याला जोडू नका. शाळेच्या बाकासारखे बसणे आणि लिहिणे एकाच सांगाड्यात असले की माणसाची प्रत्येक हालचाल, अगदी श्वाससुद्धा, फळीवर उतरते. स्टूल वेगळे, टेबल वेगळे. दोन्ही माळ्यावरच्या लाकडी तक्तपोशीवरही ठेवायचे नाहीत, कारण तिथे तक्ताच दोघांना जोडतो. जमीन उत्तम. मातीवर ठेवणार असाल तर तिन्ही पायांखाली एकेक चपटा दगड जमिनीबरोबर बसवा. गुळगुळीत फरशीवर ठेवणार असाल तर पायांना जुन्या टायरचे रबर ठोका.

पिशव्या आणि परीक्षा

पिशव्या दोन लागतात. पुढची विटेएवढी, मागची तिच्या निम्मी. जुन्या जीनच्या पँटचे पाय कापून शिंप्याकडून दुहेरी टीप मारून घ्या. नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवायची. ओली भरली तर बुरशी धरते. पिशवी गच्च भरू नका, बारा आणे भरा, म्हणजे बंदुकीचा आकार ती घेते. मागची पिशवी मुठीत दाबली की दस्ता किंचित वर येतो, सैल सोडली की खाली जातो. बारीक नेम असाच लावतात, बंदूक हाताने उचलून नव्हे.

आता टेबलाची परीक्षा घ्या. काठोकाठ पाण्याचा पेला पुढच्या टोकाला ठेवा आणि मागच्या कडेवर कोपर नेहमीसारखे टेकवा. पाणी थरथरून लगेच शांत झाले तर ठीक. लाटा येत राहिल्या तर कुठला तरी सांधा ढिला आहे. दुसरी परीक्षा आणखी कडक आहे. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून ती पिशव्यांवर ठेवा, ठिपक्यावर नेम लावा आणि हात काढून घ्या. साइट ठिपक्यावरच राहिली पाहिजे. मग घरातल्या कुणाला तरी टेबलाजवळून चालत जायला सांगा. तेव्हाही राहिली, तर टेबल पास.

स्प्रिंगच्या बंदुकीबाबत एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुष्कळ चांगली टेबले या अज्ञानापायी बदनाम होतात. या बंदुकीत चाप ओढला की आत जड पिस्टन जोरात पुढे जातो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच बंदूक मागे-पुढे धक्का खाते. तिला टेबलावर गच्च दाबून धरले किंवा नळी कठीण वस्तूवर टेकवली, तर तो धक्का दर वेळी वेगळ्या वाटेने जातो आणि छर्रे विखुरतात. म्हणून नळी कधीही टेकवू नका. लाकडी भागाखाली, चापाच्या पुढे, मऊ पिशवी ठेवा आणि बंदूक सैल हाताने धरून तिला हवी तशी मागे येऊ द्या. पिशवीवर थोडी अंगाची पावडर भुरभुरली तर बंदूक सहज सरकते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या, स्पर्धेच्या महाग बंदुकांना एवढे नखरे नाहीत, पण त्यांच्या किमती लाखांत आहेत. सुरुवात बहुतेकांची स्प्रिंगवरच होते. आणि हो, छर्रा न घालता स्प्रिंगच्या बंदुकीचा चाप ओढत बसू नका, आतले सील जाते.

आता त्या घरच्या वादाकडे वळू. एकाच ठिपक्यावर पाच छर्रे मारा. कागद बदला, पुन्हा पाच. असे चार-पाच कागद. छर्रे कुठे पडले यापेक्षा ते एकमेकांजवळ पडले का, हे पाहा. सगळे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात असतील पण ठिपक्यापासून दूर असतील, तर बंदूक निर्दोष आहे, नुसती साइट फिरवून घ्या. विखुरलेले असतील तर आधी दस्त्याचे आणि साइटचे स्क्रू तपासा. ते ढिले होणे ही स्प्रिंगच्या बंदुकीची नेहमीची खोड आहे. मग छर्रे बदलून पाहा. एकाच बंदुकीतून दोन वेगळ्या डब्यांतले छर्रे वेगवेगळे वागतात, आणि दोनशे-तीनशे रुपयांत मिटणारा प्रश्न लोक नव्या बंदुकीने सोडवायला जातात. प्रत्येक कागदावर तारीख, छर्ऱ्याचे नाव आणि वारा होता का, ते लिहून दोऱ्यात ओवून ठेवा. टेबलावर छर्रे जवळ पडतात आणि उभ्याने विखुरतात, असे दिसले तर मग बोलायला जागा उरत नाही. पोराला सराव हवा, बंदूक नको.

सराव मात्र टेबलावर नव्हे. दहा मीटर एअर रायफलची स्पर्धा उभ्यानेच होते. मूल टेबलाला चटावले तर कागदावर दहाची रांग दिसते आणि स्पर्धेत हात कापतात. आठवड्यातून एकदा तपासणीला टेबल, बाकीचे दिवस पायावर.

परड्यात मांडण्यापूर्वी

लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघा, मग टेबल मांडा. दगडी गडगा किंवा कडक लाकूड असेल तर छर्रा उसळून परत येतो. लाकडी खोक्यात पत्र्याचा जाड तुकडा वरचे टोक पुढे, खालचे मागे असा तिरका बसवा, म्हणजे छर्रा खाली आपटून खोक्यातच पडतो. खोक्यात वाळू टाका. मारणाऱ्याने आणि बघणाऱ्याने चष्मा घालावा. लक्ष्याच्या बाजूला वाट, दार, पाण्याचा नळ नसावा.

छर्रे शिशाचे असतात. शिसे जनावरांना विषारी आहे. गोठा, वैरणीची गंजी, कोंबड्यांचे खुराडे यांच्याजवळ ही जागा नको. खोक्यातले शिसे महिन्याला गोळा करून डब्यात ठेवा आणि मुलांनी हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

कायद्याचे म्हणाल तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेली एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. त्यावरची असेल तर परवाना लागतो. खरेदीची पावती जपून ठेवा. आणि ही बंदूक हाती आली की पोरांची नजर आधी विजेच्या तारेवरच्या पारव्याकडे आणि बांधावरच्या होल्याकडे जाते, हे आपण सगळे जाणतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो गावालाही लागू आहे. पहिल्या दिवशीच ताकीद द्या.

टेबलाची देखभाल फारशी नाही. पावसाळ्याआधी पायांची टोके डांबरात किंवा जुन्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून घ्या, कारण लाकूड कुजायला तिथूनच सुरुवात होते. वरच्या फळीला जवसाच्या तेलाचा हात द्या. दिवाळीनंतर लाकूड आकसू लागले की पाना घेऊन सगळे बोल्ट एकदा आवळा, होळीच्या सुमारास पुन्हा एकदा. पिशव्या पावसाळाभर चुलीवरच्या फळीवर टांगून ठेवा, तिथे ओल लागत नाही. फक्त उंदरांपासून जपा, त्यांना जीनचे कापड फार आवडते.